कॉफीचे शब्द : अर्थ कसा ठरवावा आणि मराठीत कसे लिहावे

काही महिन्यांपूर्वी एका लहान कॅफेच्या मराठी मेन्यूकार्डाचे मुद्रित तपासण्यासाठी माझ्याकडे आले. पहिल्या पानावर ‘एक्सप्रेसो’, ‘कॅपेचिनो’, ‘लट्टे’, ‘माचियाटो’ आणि ‘मोचा’ होते, तर दुसऱ्या पानावर त्याच पेयांची नावे ‘एस्प्रेसो’, ‘कापुचीनो’ आणि ‘लॅटे’ अशी झाली होती. लाल शाईने खुणा करणे सोपे होते, पण पहिल्याच खुणेपाशी थांबावे लागले, कारण चूक दाखवायची तर बरोबर रूप कोणते हे आधी ठरवायला हवे होते आणि या शब्दांची बरोबर रूपे कोणत्याही एका मराठी कोशात एकत्र सापडत नाहीत. त्या कामात जी पद्धत हाताला लागली ती येथे क्रमाने मांडली आहे. मेन्यूकार्ड, पाककृती, पाकिटावरचा मजकूर किंवा भाषांतर यांपैकी काहीही लिहिणाऱ्याला ती वापरता येईल.

पायरी पहिली : आधी पेल्यात काय आहे ते पाहा

लेखनाचा प्रश्न सोडवण्याआधी अर्थाचा सोडवावा लागतो, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या लग्नाच्या मांडवातच आहे. जेवणाच्या रांगेपलीकडे पितळी किंवा स्टीलच्या बंबासारखे एक यंत्र असते. ते चालवणारा माणूस स्टीलच्या जगमध्ये इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध घालतो, वाफेची नळी त्यात बुडवतो, फुस्स असा मोठा आवाज होतो, फेस काठापर्यंत चढतो आणि कागदी पेल्यात ओतलेल्या त्या गोड, फेसाळ कॉफीवर कोको पावडरीची चिमूट पडते. या पेयाला आपल्याकडे दोन-तीन पिढ्या ‘एस्प्रेसो’ म्हणत आल्या आहेत. इटलीत मात्र एस्प्रेसो म्हणजे दूधही नाही आणि दुधाचा फेसही नाही. बारीक दळलेल्या सात ते नऊ ग्रॅम कॉफीतून सुमारे ९ बार दाबाने, नव्वद अंशांच्या आसपासचे पाणी पंचवीस-तीस सेकंदांत ढकलून काढलेली जेमतेम दोन घोटांची काळी कॉफी म्हणजे एस्प्रेसो. शब्दाचा मूळ अर्थही ‘दाबून बाहेर काढलेली’ असाच आहे. आगगाडीच्या एक्स्प्रेसशी तिचा थेट संबंध लावून ‘एक्सप्रेसो’ लिहिण्याचा मोह होतो, पण इटालियन शब्दात तो ‘क्स’ नाही, म्हणून ‘एस्प्रेसो’ हेच रूप धरावे.

लग्नातल्या कॉफीला चुकीचे ठरवण्याची मला गरज वाटत नाही. ती एक वेगळी, आपली कॉफी आहे. केटररच्या दरपत्रकात ती ‘एस्प्रेसो कॉफी’ म्हणून खुशाल राहू द्यावी, पण कॅफेच्या कार्डावर त्याच नावाखाली दोन घोटांची कडू कॉफी येणार असेल तर शेजारी ‘दुधाविना, लहान कप’ एवढे तीन शब्द छापावेत. गिऱ्हाइकाची निराशा आणि वेटरची कटकट दोन्ही टळतात.

बाकीची बरीच नावे या एस्प्रेसोचीच पोटनावे आहेत, हे लक्षात आले की अर्थ पटापट लागतात. तेवढ्याच पुडीतून कमी पाणी काढले की रिस्ट्रेटो, म्हणजे आखडलेली, आणि जास्त काढले की लुंगो, म्हणजे लांबलेली. एस्प्रेसोत वरून गरम पाणी घातले की अमेरिकानो. वाफाळलेले दूध आणि त्याचा जाड फेस घातला की कॅपुचिनो. हे नाव कापुचिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या तपकिरी झग्यावरून आले आणि त्या साधूंचे नाव त्यांच्या टोपडीवरून. दूध बरेच जास्त आणि फेस पातळ असला की लाटे. लाटेहून लहान कपात, मऊ आणि पातळ फेसाची ती फ्लॅट व्हाइट, जिच्या जन्मावरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा वाद अजून मिटलेला नाही. आइस्क्रीमच्या गोळ्यावर गरम एस्प्रेसो ओतली की ॲफोगाटो, म्हणजे शब्दशः ‘बुडालेला’.

मॅकियाटोपाशी थोडे थांबायला हवे. शब्दाचा अर्थ ‘डाग पडलेला’. एस्प्रेसोवर दुधाचा डाग पडला तर ती नुसती मॅकियाटो, आणि पेलाभर दुधावर एस्प्रेसोचा डाग पडला तर ती लाटे मॅकियाटो. डाग कशावर पडला यावर पेय उलटेपालटे होते, त्यामुळे जोडनावातला एक शब्द जागेअभावी गाळला तर कार्डावर भलतेच पेय छापले जाते.

पायरी दुसरी : शब्द कोणत्या भाषेचा ते ओळखून उच्चार ठरवा

रोमन अक्षरे पाहून इंग्रजी वाचनाच्या सवयीने लिहायला गेल्यास ‘माचियाटो’ होते. इटालियन भाषेचा एकच नियम लक्षात ठेवला तर अर्ध्याहून अधिक चुका टळतात. त्या भाषेत ‘सी’ या अक्षरापुढे ‘आय’ किंवा ‘ई’ आला की उच्चार ‘च’ होतो, पण मध्ये ‘एच’ आला की तो ‘क’ होतो. म्हणून कॅपुचिनोत च आणि मॅकियाटोत क. ‘जी’ अक्षरापुढे ‘ई’ आला की ज होतो, म्हणून जेलाटो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम.

आता या नियमाबाहेरचा, पण सर्वांत जास्त घोळ घालणारा शब्द म्हणजे मोका. येमेनच्या तांबड्या समुद्रावरील मोखा हे बंदर सतराव्या शतकात कॉफीच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. चिकमगळूरच्या डोंगरांत कॉफी आणल्याचे श्रेय ज्यांना परंपरेने दिले जाते त्या बाबा बुडन यांनीही हजच्या प्रवासातून परतताना सात बिया येथूनच आणल्या असे सांगतात. या एका बंदराच्या नावावरून आज तीन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात आणि मराठीत तिन्हींची सरमिसळ होते. पहिली वस्तू म्हणजे ते बंदर आणि तेथून येणारी कॉफी. तिच्यासाठी अरबी उच्चाराला जवळचे ‘मोखा’ लिहावे. दुसरी, एस्प्रेसो, दूध आणि चॉकलेट यांचे पेय, ते ‘मोका’. तिसरी, चुलीवर ठेवायचे अष्टकोनी ॲल्युमिनियमचे भांडे, जे आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून १९३३ साली बाजारात आले. तेही ‘मोका’, पण त्याला न चुकता ‘मोका पॉट’ म्हणावे. या भांड्यात चॉकलेटचा काहीही संबंध नसतो, आणि त्यातला दाब एस्प्रेसो यंत्राच्या मानाने फारच कमी असल्यामुळे त्यातून निघते ती कॉफी कडक असली तरी एस्प्रेसो नसते.

‘मोचा’ हे रूप मात्र टाळावेच. रोमन लेखनात ‘सीएच’ असले तरी उच्चार क आहे, शिवाय मराठीत ‘मोचा’ वाचणारा तो च बहुधा चमच्यातल्या दुसऱ्या च सारखा दंततालव्य उच्चारील आणि शब्द मोच्याच्या दुकानात जाऊन बसेल.

पायरी तिसरी : त की ट याचा निर्णय एकदाच घ्या

इटालियन ‘टी’चा उच्चार आपल्या त च्या जवळचा आहे. त्या न्यायाने लात्ते, माकियातो, रिस्त्रेत्तो असे लिहायला हवे, आणि इटालियन पाककलेवर गंभीरपणे लिहिणाऱ्याने तसे लिहिले तर माझी तक्रार नाही. पण ही नावे आपल्याकडे इटलीतून थेट आलेली नाहीत, इंग्रजीच्या वाटेने आली आहेत, आणि पुण्या-मुंबईच्या काउंटरवर कोणी ‘एक लात्ते’ मागत नाही. शिवाय याला घरचे उदाहरण आहे. पोर्तुगीजांच्या ‘बताता’ला आपण बटाटा केले, जरी त्यांचा त आपल्या त सारखाच होता. परका त मराठीत ट होऊन रुजतो, हे बटाटेवडा खाणाऱ्याला पटवून द्यावे लागू नये. म्हणून मी ट निवडतो : लाटे, मॅकियाटो, रिस्ट्रेटो. बरिस्ता, म्हणजे कॅफेत कॉफी बनवणारा, हा अपवाद, कारण तो शब्द त सह इतका रूढ झाला आहे की ‘बरिस्टा’ आता डोळ्याला खुपते.

पहिला स्वर ‘ला’ ठेवावा की ‘लॅ’? इंग्रजांत दोन्ही उच्चार आहेत, इटालियनमध्ये आ आहे. जेथे मूळ भाषा आणि आपल्याकडचा उच्चार जुळतात तेथे तोच घ्यावा, म्हणून लाटे. कॅपुचिनोत मात्र ‘कॅ’ पूर्ण रुळला आहे, त्यामुळे तो बदलण्याचा हट्ट मी धरत नाही. यात तर्काची थोडी विसंगती आहे हे मान्य, परंतु रूढी आणि तर्क यांची गाठ पडते तेथे मेन्यूकार्ड हे रूढीच्या बाजूचे असते. महत्त्वाचे एवढेच की एकदा निवडलेले रूप पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच राहावे. यासाठी काम सुरू करतानाच निवडलेल्या रूपांची एक यादी कागदावर करून ठेवावी.

पायरी चौथी : मराठीचे ऱ्हस्वदीर्घ लावा

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांचे वळण या शब्दांनाही लावले तर बरेचसे संशय आपोआप मिटतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ, म्हणून कॉफी, चिकोरी, पीबेरी. शेवटचा स्वर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार ऱ्हस्व, म्हणून कॅपुचिनो आणि अरेबिका (कॉफीची एक जात). ‘कॅपुचीनो’ इटालियन उच्चाराला जवळ असले तरी मराठी वळणाचे नाही. शब्द अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार दीर्घ, म्हणून क्रीम, स्टीम, मशीन आणि कॅफीन.

हिंदी पाकिटावरून मजकूर उचलला की ‘कॉफ़ी’तला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, सोबत येतो. मराठीत त्याला जागा नाही, तो काढून टाकावा. शब्दारंभी ॲ लिहिताना अ वर चंद्र द्यावा, ‘ऍ’ लिहू नये. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना स्वरांत स्थान दिलेले आहे. अनुनासिकासाठी अनुस्वार पुरेसा आहे : ब्लेंड, टंबलर, प्लँटेशन.

पायरी पाचवी : जे शब्द भाषांतरित करायचे तेथे सावध राहा

पेयांची नावे जशीच्या तशी घ्यावीत, पण कृती आणि चव यांचे शब्द मराठीत आणावेत. येथेच खरी गंमत आणि खरे धोके आहेत.

दळण्याच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. ‘कोर्स ग्राइंड’, ‘मीडियम ग्राइंड’ असे लिहून वाचकाला ताटकळत ठेवण्यापेक्षा फ्रेंच प्रेससाठी (दांड्याने जाळी खाली दाबायचे कॉफीचे भांडे) भरड, दाक्षिणात्य फिल्टरसाठी बारीक रवाळ, एस्प्रेसोसाठी त्याहून बारीक आणि तुर्की पद्धतीसाठी पिठासारखी वस्त्रगाळ असे लिहिले की ज्याने कधी जाते किंवा गिरणी पाहिली आहे त्याच्या बोटांना ते लगेच कळते. भाजण्याच्या बाबतीत मात्र सांभाळावे. ‘रोस्ट’साठी ‘भाजणी’ हा शब्द सुचतो, पण ‘गडद भाजणीची कॉफी’ वाचून थालीपीठच आठवते. ‘हलकी भाजलेली’, ‘मध्यम भाजलेली’, ‘गडद भाजलेली’ अशी विशेषणे पुरतात.

चवीच्या शब्दांतला सर्वांत मोठा खड्डा म्हणजे ‘ॲसिडिटी’. कॉफी चाखणाऱ्यांच्या भाषेत ही स्तुती आहे. संत्र्याची किंवा कच्च्या सफरचंदाची आठवण करून देणारा तो तजेलदार आंबूसपणा असतो. मराठी घरात ॲसिडिटी म्हणजे पित्त. ‘या कॉफीत उत्तम ॲसिडिटी आहे’ हे वाक्य मी एका पाकिटाच्या मसुद्यात वाचले आहे, आणि ते तसेच छापले गेले असते तर ते पाकीट औषधाच्या दुकानाशेजारी ठेवावे लागले असते. येथे ‘आंबूस गोडी’ किंवा ‘फळासारखा आंबटसरपणा’ लिहावे. ‘बॉडी’साठी दाटपणा हा शब्द आहे. कडू आणि तुरट यांतला फरक इंग्रजी मसुद्यात अनेकदा हरवतो, मराठीत तो कोणालाही समजावून सांगावा लागत नाही, तेव्हा जिभेला ओढ बसत असेल तर तुरटच लिहावे.

‘डिकॉक्शन’ या शब्दाला ‘काढा’ हा प्रतिशब्द कोशात सहज मिळेल, पण तो वापरू नये. आयुर्वेदातला काढा पाणी आटेपर्यंत उकळतात. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये पुडीवर उकळते पाणी ओतून झाकण ठेवतात आणि अर्क खालच्या भांड्यात थेंबथेंब ठिबकतो, उकळत नाही. शब्द मराठीत रुळलेला आहे, डिकॉक्शनच ठेवावा. हीच कॉफी ज्या पेल्यात आणि वाटीत देतात त्यांना टंबलर आणि दवरा म्हणतात. ‘डबरा’ असेही रूप दक्षिणेत चालते, पण मराठीत डबरा म्हणजे पाणी साचलेला खड्डा, तेव्हा आपल्या वाचकासाठी दवरा बरा.

‘बीन’चे ‘शेंग’ करणारे भाषांतरही मी पाहिले आहे. कॉफीला शेंगा येत नाहीत. तिचे लालबुंद फळ, ज्याला मळेवाले चेरी म्हणतात, त्यात बहुधा दोन चपट्या बाजूंच्या बिया समोरासमोर असतात. त्यांना ‘कॉफीचे दाणे’ किंवा ‘कॉफीच्या बिया’ म्हणावे. फळात एकच बी भरली तर ती गोल होते आणि तिला पीबेरी म्हणतात. तिचे वाटाण्याच्या नावाशी असलेले नाते केवळ आकाराचे आहे.

पायरी सहावी : पाकिटावरचे शब्द नेमके वाचा

‘कॉफी पावडर’ या दोन शब्दांनी मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले. एका पाककृतीत मी ‘दोन चमचे कॉफी पावडर दुधात मिसळा’ असे लिहिले होते. माझ्या मनात इन्स्टंट होती, माझ्या मावशीच्या डब्यात फिल्टरची होती. तिच्या केकमधला भुसा सगळ्यांच्या दातांखाली आला आणि तिने फोनवर विचारले, “अरे, कॉफी म्हणजे कुठली ते लिहायचंस तरी!” इन्स्टंट कॉफी म्हणजे तयार अर्क वाळवलेला, तो विरघळतो, फिल्टर कॉफी म्हणजे दळलेले दाणे, ते कधीच विरघळत नाहीत. पाककृतीत ‘इन्स्टंट कॉफी’ किंवा ‘फिल्टर कॉफीची पूड’ असेच लिहावे.

दक्षिणेच्या पाकिटांवर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ आहे, कॉफी नव्हे. ते रंग आणि दाटपणा देते, कॅफीन देत नाही. भारतातील नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणून ‘८०:२०’ या आकड्यांतला पहिला कॉफीचा आणि दुसरा चिकोरीचा.

‘प्लँटेशन ए’ हे नाव वाचून तो एखाद्या मळ्याचा क्रमांक वाटतो. भारतीय प्रतवारीत ते प्रक्रियेचे नाव आहे. धुऊन, गर काढून वाळवलेली अरेबिका म्हणजे ‘प्लँटेशन’, तशीच प्रक्रिया केलेली रोबस्टा (कॉफीची दुसरी जात) म्हणजे ‘पार्चमेंट’, आणि फळासकट उन्हात वाळवलेली कोणतीही कॉफी म्हणजे ‘चेरी’. पुढचे अक्षर दाण्याच्या आकाराची प्रत सांगते. त्यामुळे ‘अरेबिका चेरी’ म्हणजे चेरीच्या स्वादाची कॉफी असे भाषांतर करू नये. ‘मॉन्सून्ड मलबार’ ही पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर फुगवलेली, पिवळसर पडलेली कॉफी. तिला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा नाव जसेच्या तसे ठेवून खुलासा वेगळ्या ओळीत द्यावा.

पायरी सातवी : शब्दाला प्रत्यय लावून मोठ्याने वाचा

परका शब्द मराठीत मुरला की नाही हे त्याला विभक्ती लावल्यावर कळते. लिंगाचा प्रश्न सोपा आहे. कॉफी स्त्रीलिंगी, म्हणून तिचे सगळे प्रकारही स्त्रीलिंगी : कॅपुचिनो मागवली, एस्प्रेसो कडू झाली, लाटे गार झाली. इटालियनमध्ये एस्प्रेसो पुल्लिंगी आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. डिकॉक्शन नपुंसकलिंगी : डिकॉक्शन दाट उतरले.

सामान्यरूप करताना मात्र दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘लाटेवर काढलेली नक्षी’ वाचताना समुद्र दिसतो, म्हणून ‘लाटे कॉफीवरची नक्षी’ असे लिहावे. आणि मोका हा आकारान्त शब्द सोड्याच्या धर्तीवर चालवला तर ‘मोक्याची चव’ होते, ‘मोक्याच्या जागी’ तयार केलेली. येथेही ‘मोका कॉफीची चव’ लिहून सुटका करून घ्यावी. तो नियम त्या मेन्यूकार्डालाही लावला होता. मालकांनी सगळ्या दुरुस्त्या मान्य केल्या आणि शेवटी फोन करून एवढेच विचारले, की खाली कोपऱ्यात ‘जायफळ घातलेली आपली कॉफी’ अशी एक ओळ आहे, तिला काही इटालियन नाव देता येईल का. ती ओळ मी तशीच ठेवायला सांगितली.